मागणीनुसार स्तनपान आणि घड्याळानुसार स्तनपान : एक चिकित्सक विवेचन

प्रस्तावना

बाळाला अंगावर केव्हा पाजावे, या प्रश्नाची दोन उत्तरे बहुतेक बाळंतिणींच्या कानांवर पडतात. बाळ मागेल तेव्हा पाजावे, हे एक. आणि ठराविक तासांनीच पाजावे, मधल्या वेळी रडले तरी लगेच उचलू नये, म्हणजे त्याला वळण लागते, हे दुसरे. पहिले उत्तर आज जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि भारतातील बालरोगतज्ज्ञ देतात. दुसरे उत्तर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्या काळचे वैद्यकशास्त्र तितक्याच अधिकारवाणीने देत होते आणि घराघरांतून ते अद्याप पुरते गेलेले नाही. एकाच शास्त्राने दोन पिढ्यांच्या अंतराने परस्परविरुद्ध उपदेश केला, तर आईने कोणत्या उपदेशावर विश्वास ठेवावा, असा प्रश्न निर्माण होतो.

हा वाद केवळ सासू-सुनेच्या मतभेदाचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारतात जन्मानंतर तासाभराच्या आत अंगावर घेतल्या गेलेल्या बालकांचे प्रमाण ४१.८ टक्के, तर सहा महिन्यांखालील बालकांपैकी निव्वळ स्तनपानावर असणाऱ्यांचे प्रमाण ६३.७ टक्के आढळले. उरलेल्या घरांत पाणी, गुटी किंवा वरचे दूध सहा महिन्यांच्या आतच सुरू झालेले होते. वरचे दूध सुरू करण्यामागे वारंवार सांगितले जाणारे कारण म्हणजे 'अंगावरचे दूध पुरत नाही'. यांपैकी काही स्त्रियांना दूध खरोखरच कमी येत असते. परंतु पुष्कळ वेळा ते मुळात कमी नसते. पाजण्याच्या पद्धतीमुळे ते कमी झालेले असते. म्हणूनच घड्याळाचा नियम कोठून आला, दूधनिर्मितीच्या यंत्रणेशी तो कितपत जुळतो आणि 'मागणी' या शब्दाच्या मर्यादा कोणत्या, यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

घड्याळाचा प्रवेश

तान्ह्या मुलाला वेळेच्या बंधनात ठेवण्याचा उपदेश आधुनिक युरोपात प्रथम ठळकपणे केला तो विल्यम कॅडोगन या इंग्रज वैद्याने. लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटल या अनाथ बालकांच्या संस्थेच्या चालकांना उद्देशून लिहिलेला त्याचा निबंध १७४८ साली प्रसिद्ध झाला. चोवीस तासांत चार वेळा आणि रात्री मुळीच नाही, असा त्याचा सल्ला होता. कॅडोगनवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगितले पाहिजे, की आईने स्वतःच्या अंगावर पाजावे याचा तो आग्रही पुरस्कर्ता होता आणि त्याचा रोष प्रामुख्याने बाळाच्या तोंडात सतत पेज, खीर कोंबण्याच्या त्या काळच्या पद्धतीवर होता. अति भरवण्यावर काढलेला हा उतारा पुढे स्तनपानालाही लागू झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विचाराला बळ मिळाले ते बाटलीमुळे. १८६० च्या दशकात लीबिग या रसायनशास्त्रज्ञाने आणि पाठोपाठ हेन्री नेस्ले याने तयार केलेले बालान्न बाजारात आले. गाईच्या दुधात पाणी व साखर मिसळून ते मानवी दुधाच्या जवळपास आणण्याची सूत्रे डॉक्टर मांडू लागले. बाटलीतील दूध मोजता येते. किंबहुना ते मोजावेच लागते. शिवाय गाईच्या दुधात केसीन या प्रथिनाचे प्रमाण अधिक असल्याने पोटात त्याचा घट्ट दही-गोळा बनतो आणि ते सावकाश पचते. त्यात बाटली अस्वच्छ, दूध नासण्याची भीती आणि उन्हाळी अतिसाराने दगावणारी हजारो बालके. अशा स्थितीत दोन दुधांत तीन-चार तासांचे अंतर ठेवा, हा नियम बाटलीपुरता समजूतदारपणाचाच होता.

चूक झाली ती बाटलीचा नियम स्तनाला लावण्यात. न्यूयॉर्कचे डॉ. एमेट होल्ट यांचे मातांसाठीचे प्रश्नोत्तररूप पुस्तक १८९४ साली निघाले आणि त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या. जर्मन भाषक प्रदेशात ॲडलबर्ट चेर्नी यांनी चार तासांचे अंतर शास्त्रशुद्ध म्हणून रूढ केले. न्यूझीलंडचे ट्रुबी किंग यांची कथा यात विशेष लक्षवेधी आहे. ते सीक्लिफ येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख होते. रुग्णालयाच्या शेतावर वासरांना कोणते दूध किती द्यावे याचे प्रयोग त्यांनी केले आणि नंतर तोच नेटकेपणा मानवी बालकांकडे वळवला. १९०७ साली ड्युनेडिन येथे त्यांनी स्थापन केलेली संस्था पुढे प्लंकेट सोसायटी म्हणून ओळखली गेली. तिच्या परिचारिका घरोघरी जाऊन चार तासांचे अंतर आणि रात्रीचा पूर्ण विसावा शिकवीत. न्यूझीलंडमधील बालमृत्यूचे प्रमाण त्या काळी जगात अत्यंत कमी होते आणि त्याचे श्रेय या पद्धतीला देण्यात आले. वास्तविक हे प्रमाण घटण्यास संस्थेच्या स्थापनेपूर्वीच सुरुवात झाली होती. ट्रुबी किंग हेही बाटलीचे विरोधक व स्तनपानाचे समर्थक होते, ही या इतिहासातील विसंगती ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मानसशास्त्रानेही या शिस्तीला हातभार लावला. वर्तनवादाचे प्रवर्तक जॉन वॉटसन यांनी १९२८ च्या आपल्या बालसंगोपनविषयक पुस्तकात मुलांना कुरवाळणे, जवळ घेणे यांपासून आयांना परावृत्त केले. बाळाच्या रडण्याला प्रतिसाद देणे म्हणजे रडण्याची सवय लावणे, हे सूत्र तेव्हापासून सुशिक्षित मध्यमवर्गात रुजले. प्रसूतिगृहांची सोयही याच दिशेने जाणारी होती. बाळे वेगळ्या दालनात ठेवायची आणि ठरलेल्या वेळी आयांकडे आणायची, तर वेळापत्रकावाचून गत्यंतर नव्हते.

महाराष्ट्रात घड्याळ तान्ह्या मुलांपर्यंत आणखी एका वाटेने पोहोचले. ती वाट होती गिरणीच्या भोंग्याची. मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी झालेल्या सरकारी पाहणीत, कामावर जाताना तान्ह्याला अफू देऊन निजवण्याचा प्रघात सर्रास असल्याची नोंद झाली. बाळागोळी या नावाने ही अफू दिली जाई. येथे दोन पाजण्यांमधील अंतर कोणत्याही वैद्यकीय ग्रंथाने ठरवलेले नव्हते. ते पाळीच्या तासांनी ठरवले होते आणि बाळाची मागणी शब्दशः गुंगीत बुडवली जात होती. १९२९ साली मुंबई प्रांतात प्रसूती लाभाचा कायदा झाला. त्याच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली विधिमंडळात पाठिंबा दिला होता. मागणीनुसार पाजणे ही केवळ आईच्या इच्छेची बाब नसून तिच्या वेळेवर कोणाची मालकी आहे याचीही बाब आहे, हे या प्रकरणातून स्पष्ट दिसते.

घड्याळाचा जोर ओसरू लागला तो १९४० च्या दशकात. अमेरिकेत बालरोगतज्ज्ञ प्रेस्टन मॅक्लेंडन आणि फ्रान्सिस सिम्सेरियन यांनी १९४२ साली एका बाळाच्या पहिल्या बारा आठवड्यांची तपशीलवार नोंद प्रसिद्ध केली. हे बाळ पूर्णपणे स्वतःच्या मागणीवर वाढवलेले होते. १९४६ साली डॉ. बेंजामिन स्पॉक यांच्या पुस्तकाने आयांना आपल्या समजुतीवर विसंबण्यास सांगितले. १९५६ साली इलिनॉय राज्यात सात आयांनी ला लेचे लीग ही परस्परसाहाय्याची संघटना सुरू केली. १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी प्रसूतिगृहांसाठी जाहीर केलेल्या दहा सूत्रांमध्ये आई-बाळ एकत्र ठेवणे आणि मागणीनुसार स्तनपान ही दोन सूत्रे समाविष्ट झाली. भारतात स्तनपानाच्या प्रसारासाठी काम करणारे बीपीएनआय हे जाळे १९९१ साली वर्धा येथे स्थापन झाले, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय घटना होय.

दूधनिर्मितीची यंत्रणा

स्तन म्हणजे दुधाचे भांडे, अशी कल्पना समाजात नकळत रूढ आहे. 'थोडा वेळ जाऊ दे, म्हणजे दूध साचेल' हा सल्ला याच कल्पनेतून येतो. भांडे भरण्यास वेळ लागतो, म्हणून वाट पाहावी, असा हा तर्क. शरीरक्रियाशास्त्र मात्र जवळजवळ उलट गोष्ट सांगते.

बाळ स्तनाग्र व त्याभोवतीचा काळसर भाग तोंडात घेऊन ओढू लागले, की मज्जातंतूंमार्फत संदेश मेंदूकडे जातो आणि पीयूषिका ग्रंथीतून दोन संप्रेरके स्रवतात. प्रोलॅक्टिन दूध तयार करण्याची प्रेरणा देते. त्याची रक्तातील पातळी रात्री अधिक असते. ऑक्सिटोसिन दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या स्नायुपेशी आकुंचित करून दूध नलिकांत ढकलते. या दुसऱ्या क्रियेला मराठीत 'पान्हा' हा नेमका शब्द संप्रेरकांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. बाळाच्या नुसत्या आवाजाने पान्हा फुटतो आणि वेदना, चिंता किंवा अपमान यांनी तो अडतो, हे अनुभवाने ज्ञात असलेले सत्य शास्त्राने मान्य केले आहे.

तथापि प्रस्तुत वादाच्या दृष्टीने निर्णायक ठरते ती तिसरी गोष्ट. प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांनंतर दूधनिर्मितीचे नियंत्रण मुख्यतः स्तनातच होऊ लागते. दूध साचून राहिले, की निर्मितीचा वेग मंदावतो. दूध निघून गेले, की तो वाढतो. एका स्तनाला पाजणे बंद केल्यास तो आटतो आणि दुसरा दूध देत राहतो. संप्रेरके दोन्ही स्तनांना सारखीच पोहोचत असताना असे घडते, यावरून या स्थानिक नियंत्रणाची खात्री पटते. म्हणजे दूध 'साठवण्यासाठी' वाट पाहणे हा दूध कमी करण्याचाच एक मार्ग ठरतो.

यात स्त्रीपरत्वे मोठा फरक असतो. ऑस्ट्रेलियातील पीटर हार्टमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या मोजमापांतून असे दिसले, की एका वेळी स्तनात साठू शकणाऱ्या दुधाचे प्रमाण काही स्त्रियांत इतरांच्या कित्येक पट असते. स्तनाच्या बाह्य आकारावरून त्याचा नीट अंदाज येत नाही, कारण आकार मुख्यतः मेदावर अवलंबून असतो. लहान साठवण म्हणजे कमी दूध, असेही नाही. चोवीस तासांतील एकूण दूध दोन्ही प्रकारच्या स्त्रियांत पुरेसे असू शकते. फरक पडतो तो किती वेळा पाजावे लागेल यात. समजा, एका बाळाला दिवसाकाठी ७८० ग्रॅम दूध लागते. बारा वेळा पाजल्यास दर वेळी ६५ ग्रॅम पुरते. चार तासांच्या नियमाने सहा वेळा पाजल्यास दर वेळी १३० ग्रॅम हवे. ज्या आईच्या स्तनांत एका वेळी ९० ग्रॅमच साठू शकते, तिला पहिली पद्धत सहज साधते. दुसरी कितीही प्रामाणिकपणे पाळली तरी साधत नाही. ट्रुबी किंग यांच्या पद्धतीवर काही आयांची बाळे गुटगुटीत का झाली आणि काहींचे दूध दोन महिन्यांत का आटले, याचा उलगडा या हिशेबातून बऱ्याच अंशी होतो. दोघींनीही नियम सारखाच पाळला होता. मात्र दूध आटलेल्या आईच्या माथी 'हिला दूधच नाही' हा शिक्का बसला.

याच गटाने २००६ साली प्रसिद्ध केलेला अभ्यास मागणीनुसार पाजण्याचे प्रत्यक्ष चित्र देतो. एक ते सहा महिने वयाच्या, निव्वळ स्तनपानावर असलेल्या व नीट वाढणाऱ्या ७१ बालकांच्या चोवीस तासांच्या नोंदी घेण्यात आल्या. बाळे सरासरी ११ वेळा प्यायली. परंतु कोणी ६ वेळा, तर कोणी १८ वेळा. दिवसभरातील दूध सरासरी ७८८ ग्रॅम होते, पण तेही ४७८ ग्रॅमपासून १३५६ ग्रॅमपर्यंत बदलत होते. उपलब्ध दुधापैकी सरासरी ६७ टक्केच दूध बाळांनी घेतले. म्हणजे स्तन रिकामा होईपर्यंत नव्हे, तर पोट भरेपर्यंत ती पीत होती. सुमारे दोन तृतीयांश बाळे रात्रीही पीत होती. सर्व बाळांना एकच वेळापत्रक लावणे का अशास्त्रीय आहे, हे या आकड्यांवरून ध्यानी येते.

'आत्ताच तर प्यायले, पुन्हा कशाला?' या नेहमीच्या शंकेचे उत्तरही दुधाच्या घटनेत आहे. स्तन जितका रिकामा, तितके दुधातील स्निग्धांशाचे प्रमाण अधिक. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा पिणाऱ्या बाळाला थोडेच, पण अधिक स्निग्ध दूध मिळते. संध्याकाळी लागोपाठ तीन-चार वेळा पिऊन मग दीर्घ झोप घेणारी बाळे नेमके हेच करत असतात. घरातील मंडळी मात्र या वेळी 'दूध संपले' असा निष्कर्ष काढतात.

इतर सस्तन प्राण्यांशी तुलना केल्यास मानवी दुधाचा स्वभाव अधिक स्पष्ट होतो. सशाची मादी पिलांना साधारणतः दिवसातून एकदाच, तेही काही मिनिटे पाजते आणि निघून जाते. तिच्या दुधात प्रथिने व स्निग्धांश यांचे प्रमाण फार असते. मानवी दुधात प्रथिने १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १ ग्रॅमच असतात. गाईच्या दुधात ती तिप्पट असतात. इतके पातळ दूध बाळ सतत जवळ असणाऱ्या व वारंवार पाजणाऱ्या प्राण्यांत आढळते. कालाहारी वाळवंटातील कुंग लोकांच्या स्त्रिया दिवसा तासातून अनेक वेळा, दर खेपेस मिनिट-दोन मिनिटे पाजतात, असे कॉनर आणि वर्थमन यांनी १९८० साली नोंदवले. हा आदर्श आजच्या आईपुढे ठेवण्याचे कारण नाही. मात्र चार तासांचे अंतर हेच 'नैसर्गिक' आणि तासाभराचे अंतर म्हणजे 'लाड', ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

संशोधनाचा पुरावा आणि त्याच्या मर्यादा

दोन पद्धतींची थेट तुलना करणारा जुना व महत्त्वाचा अभ्यास इंग्लंडमधील शेफिल्ड येथील. इलिंगवर्थ आणि सहकाऱ्यांनी तो १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. प्रसूतिगृहाच्या एका कक्षात ठराविक वेळी, तर दुसऱ्यात मागणीनुसार पाजण्यात आले. स्तनात दूध तटून गाठी होण्याचा त्रास पहिल्या कक्षात ३४ टक्के, तर दुसऱ्यात १७ टक्के स्त्रियांना झाला. महिन्याभरानंतर पूर्ण स्तनपान चालू असणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ६५ व ८० टक्के होते.

असे असले तरी पुराव्याची बाजू वाटते तितकी भरभक्कम नाही. कॉक्रेन या प्रणालीबद्ध पुनरावलोकनांच्या संस्थेने २०१४ साली व पुन्हा २०१६ साली या विषयावरील काटेकोर यादृच्छिक प्रयोगांचा शोध घेतला, तेव्हा निकषांत बसणारा एकही अभ्यास हाती लागला नाही. ही उणीव समजण्यासारखी आहे. आज कोणतेही रुग्णालय काही बाळांना मुद्दाम वाट पाहायला लावण्याचा प्रयोग नैतिकदृष्ट्या करू शकणार नाही. मागणीनुसार स्तनपानाची शिफारस म्हणून प्रामुख्याने शरीरक्रियेच्या ज्ञानावर आणि निरीक्षणात्मक अभ्यासांवर उभी आहे, याची जाणीव ठेवणे वैज्ञानिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

मारिया याकोवू आणि अल्मुदेना सेविला यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेले निष्कर्ष याच संदर्भात पाहावेत. ब्रिस्टल परिसरात १९९० च्या दशकाच्या आरंभी जन्मलेल्या १०,४१९ बालकांच्या माहितीचे त्यांनी विश्लेषण केले. यात अंगावरची व बाटलीवरची अशी दोन्ही प्रकारची बाळे होती. वेळापत्रकानुसार पाजणाऱ्या आयांना झोप अधिक मिळत होती व त्यांची मनःस्थितीही अधिक चांगली होती. मुलांच्या बाबतीत मात्र मागणीनुसार वाढलेली मुले आठव्या वर्षी बुद्ध्यंकात ४ ते ५ गुणांनी पुढे होती. वृत्तपत्रांना आवडणारा हा निष्कर्ष सावधपणे घ्यायला हवा, कारण वेळापत्रक पाळणारी कुटुंबे आणि न पाळणारी कुटुंबे इतर अनेक बाबतींतही भिन्न असू शकतात. अभ्यासकांनी एक तिसरा गटही तपासला : वेळापत्रक पाळण्याचा प्रयत्न केलेल्या, पण ते न जमलेल्या आयांचा. त्यांच्या मुलांचे गुण मागणीनुसार वाढलेल्या मुलांसारखेच निघाले. केवळ आईच्या विचारसरणीने हा फरक पडला नसावा, एवढे यावरून म्हणता येते. कार्यकारणभाव सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही. आईच्या झोपेविषयीचा निष्कर्ष मात्र स्तनपानाच्या प्रचारकांनी दृष्टिआड करू नये. त्याचा विचार पुढे केला आहे.

'मागणी' म्हणजे काय?

'रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही', अशी म्हण मराठीत आहे. व्यवहारात हक्क मागून घ्यावा लागतो, हे सांगण्यासाठी ती ठीक. बालसंगोपनाचा नियम म्हणून ती घातक आहे. रडणे ही भुकेची पहिली नव्हे, तर उशिराची खूण होय. त्यापूर्वी बाळ झोपेत चुळबुळ करते, तोंड उघडून मान इकडेतिकडे वळवते, ओठांनी चुटचुट आवाज करते, मूठ तोंडात घालते. या वेळी अंगावर घेतले तर ते शांतपणे स्तन नीट तोंडात धरते. रडून लालबुंद झालेल्या बाळाची जीभ टाळ्याला लागलेली असते. ते नीट धरत नाही, स्तनाग्रांना इजा होते, आणि दोघेही थकतात. २०१८ साली दहा सूत्रांची फेरमांडणी झाली, तेव्हा आठव्या सूत्रातील 'मागणी' हा शब्द बदलून बाळाच्या भुकेच्या खुणा ओळखणे व त्यांना प्रतिसाद देणे अशी शब्दयोजना करण्यात आली. हा बदल केवळ शाब्दिक नाही.

कारण सर्वच बाळे मागत नाहीत. कमी वजनाचे, अपुऱ्या दिवसांचे किंवा कावीळ झालेले बाळ सुस्त असते. ते तासन्‌तास झोपते आणि घरातील सर्वांना 'किती शांत बाळ!' म्हणून समाधान वाटते. भूक जितकी वाढते तितकी त्याची मागण्याची शक्ती कमी होते. अशा बाळाच्या बाबतीत 'मागेल तेव्हा' हे तत्त्व अक्षरशः पाळले, तर ते उपाशी राहून शरीरातील पाणी कमी होणे, रक्तातील साखर उतरणे असे जिवावरचे प्रसंग ओढवू शकतात. राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात वजनाची नोंद झालेल्या नवजात बालकांपैकी सुमारे १८ टक्के बालके अडीच किलोपेक्षा कमी वजनाची असतात. म्हणजे हा अपवाद किरकोळ नव्हे. येथे घड्याळ हवेच. दर दोन-तीन तासांनी बाळाला जागे करावे, दुपटे सैल करून तळवे चोळावेत, अंगावर घ्यावे; ओढण्याची ताकद नसल्यास दूध पिळून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने पाजावे. निरोगी बाळाच्या बाबतीतही जन्माचे वजन भरून येईपर्यंत, म्हणजे साधारणतः पहिले दोन आठवडे, चोवीस तासांत ८ ते १२ वेळा पाजले जाते ना, हे पाहावे.

जुन्या आणि नव्या घड्याळातील भेद येथे आहे. ट्रुबी किंग यांचे घड्याळ 'याच्या आधी पाजू नका' असे सांगत होते. नवजात बालकाच्या वैद्यकाचे घड्याळ 'याच्यानंतर थांबू नका' असे सांगते. पहिले दोन पाजण्यांमधील किमान अंतर ठरवते, दुसरे कमाल. व्यवहारात या दोहोंची गल्लत होते आणि रुग्णालयातून 'तीन तासांनी पाजा' असे ऐकून आलेले कुटुंब तीन तास होईपर्यंत बाळाला रडत ठेवते.

बाळाला पुरेसे मिळते की नाही, हे ओळखण्याची साधनेही घड्याळाहून भरवशाची आहेत. पहिल्या आठवड्यात वजन थोडे घटते. ही घट १० टक्क्यांहून अधिक होता कामा नये आणि दोन आठवड्यांत ती भरून यावी. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी व्हावी. ही तपासणी घरी जाऊन कोणी करते, तेव्हा तिचा उपयोग किती होतो, हे गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने दाखवले. ३९ गावांत गावातीलच प्रशिक्षित स्त्रियांनी नवजात बालकांची घरी काळजी घेतली. तिच्यात स्तनपानाचे साहाय्यही होते. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. या धर्तीवर २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बालकांच्या घरी भेटी देऊ लागल्या. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी ही भेट ठरलेली असते. सुस्त बाळ 'शांत' नसून उपाशी आहे, हे ओळखण्याचे काम या भेटीत व्हावयाचे असते.

आईची झोप, घर आणि नोकरी

मागणीनुसार पाजण्याचा भार आईवर पडतो, ही तक्रार खरी आहे. दिवसरात्र दहा-बारा वेळा पाजणारी स्त्री स्वयंपाक, पाहुणे आणि थोरल्या मुलाचा अभ्यास हेही सांभाळणार असेल, तर ती कोलमडेल आणि दोष स्तनपानाला दिला जाईल. पहिल्या सव्वा महिन्यात बाळंतिणीला कामापासून दूर ठेवण्याच्या जुन्या रीतीत विटाळाच्या कल्पनेचा त्याज्य भाग होता; परंतु शेक, तेल, आयते ताट आणि बाळाशेजारी पडून राहण्याची मुभा हा भाग वारंवार पाजण्यासाठी आवश्यकच होता. विभक्त कुटुंबात ही मुभा आपोआप मिळत नाही. पाजण्याव्यतिरिक्त बाळाचे सगळे काम पतीला करता येते. ढेकर काढणे, दुपटी बदलणे, पहाटे दोन तास बाळ खांद्यावर घेऊन आईला झोपू देणे यांपैकी कशालाही पान्हा लागत नाही.

शिवाय ही अवस्था कायमची नसते. दोन-तीन महिन्यांच्या सुमारास बाळाला दिवस-रात्रीचे भान येऊ लागते, पोटात एका वेळी अधिक दूध मावते आणि पाजण्याच्या वेळा पुष्कळदा आपोआप ओळखता येण्याजोग्या होतात. दिनक्रम तेव्हा बसतोच. तो बाळाच्या व आईच्या देहधर्मातून घडतो. आंघोळ, अंधार, रात्रीची शांतता यांच्या ठराविक वेळा ठेवून त्याला मदत करण्यास काहीही हरकत नाही. दिनक्रमाला विरोध नाही. भुकेल्या बाळाला तासाच्या काट्यासाठी थांबवण्याला आहे.

वारंवार पाजण्याचा एक अनुषंगिक लाभही आहे. पाळी परत आलेली नसणे, बाळ सहा महिन्यांहून लहान असणे आणि ते जवळजवळ निव्वळ स्तनपानावर असणे, या तिन्ही अटी पूर्ण होत असतील तर गर्भधारणेपासून सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळते, असे १९८८ च्या बेलाजिओ परिषदेत मान्य झाले. दोन पाजण्यांमध्ये दिवसा चार व रात्री सहा तासांहून अधिक अंतर पडू लागले, की हे संरक्षण डळमळते.

नोकरी करणाऱ्या स्त्रीचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा विश्रांती देण्याची तरतूद केली. २०१७ च्या दुरुस्तीने रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही घेण्यात आल्या आहेत. परंतु शेतमजूर, घरकामगार आणि बांधकामावरील स्त्रिया यांपैकी बहुसंख्य स्त्रियांपर्यंत यातले फारसे काही पोहोचत नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकांची स्थितीही अनेक ठिकाणी फारशी वेगळी नाही. जेथे तरतूद लागू आहे तेथेही पाळणाघर नसेल आणि घर तासाभराच्या अंतरावर असेल, तर दोन विश्रांतींचा उपयोग बाळाला पाजण्यासाठी होत नाही. तो दूध पिळून ठेवण्यासाठी मात्र होऊ शकतो. त्यासाठी लागते आतून कडी लावता येईल अशी एक खोली, एक खुर्ची, हात धुण्याची सोय आणि शक्य झाल्यास शीतकपाट. स्वच्छ, झाकलेल्या भांड्यातील दूध खोलीच्या तापमानात सुमारे चार तास चांगले राहते. कित्येक महाविद्यालयांच्या इमारतींत अशी खोली काढणे अशक्य नाही. स्वच्छतागृहात उभे राहून दूध पिळण्याची वेळ मात्र अद्याप पुष्कळ जणींवर येते.

दिवसभर दूर असलेली आई घरी परतली, की अनेक बाळे संध्याकाळी व रात्री पूर्वीपेक्षा अधिक वेळा पिऊ लागतात. घरात याला 'वाईट खोड' म्हटले जाते. वस्तुतः बाळ दिवसाची तूट रात्री भरून काढत असते, आणि रात्रीच्या या पाजण्यामुळेच दिवसा न पाजणाऱ्या आईचे दूध टिकून राहते. रविवारी दिवसभर बाळ अंगावर राहिल्याने दूध वाढते, सोमवारी दुपारी स्तन तटतात, आणि शुक्रवार येईतो ते पुन्हा काहीसे कमी झाल्यासारखे वाटते. अशा वेळी शुक्रवारच्या अनुभवावरून वरचे दूध सुरू करण्याऐवजी शनिवार-रविवारी बाळाला पुन्हा मनसोक्त पाजणे, हा बहुतेक वेळा पुरेसा उपाय ठरतो.